गिऱ्हाईक आहे, गाडी आहे, कागद होत नाही: परिवहन आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

ठाण्यात माझं जुन्या मोटारसायकलींचं गॅरेज आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवतो. येझदी, जावा, राजदूत, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट, यामाहाची आरएक्स-१०० आणि राजदूतची आरडी-३५० एवढ्याच गाड्या आम्ही कामाला घेतो. पत्रास कारण की, या गाड्यांचा बाजार गेल्या दोन-तीन वर्षांत पार बसला आहे. त्यामागची काही कारणं बाजाराची आहेत, त्यांबद्दल माझी कुणाकडे तक्रार नाही. काही मात्र आपल्या खात्याशी निगडित आहेत आणि त्यांवर उपाय करणं आपल्याला शक्य आहे. एकट्या माझ्या गॅरेजचा प्रश्न असता तर साधा अर्ज देऊन मोकळा झालो असतो. पण कळव्यापासून पनवेलपर्यंत ज्यांच्या घरात अशी गाडी आहे ते सगळेच या कोंडीत सापडले आहेत, म्हणून जाहीर लिहितो आहे.

आधी बाजाराची बाजू सांगतो, म्हणजे सगळं खापर मी सरकारवर फोडतो आहे असं वाटायला नको.

टाळेबंदीच्या काळात जुन्या गाड्यांना एकदम भाव आला. माणसं घरात बसून होती, मोबाइलवर आरएक्सचा आवाज ऐकत होती, आणि ज्या आरएक्सला त्याआधी कुणी विचारत नव्हतं ती लाखाच्या वर जाऊ लागली. आरडीला तर लोक तोंडाला येईल तो आकडा बोलत. २०१८ च्या नोव्हेंबरात जावा आणि २०२२ च्या जानेवारीत येझदी नव्याने बाजारात आली, त्यामुळेही जुन्या नावांना उजाळा मिळाला. त्या दिवसांत चालवायला घेणारे कमी आणि ठेवून विकायला घेणारे जास्त, अशी गत होती. आमच्याच धंद्यातल्या काहींनी तीन गाड्यांचे भाग जोडून एक गाडी ‘ओरिजिनल’ म्हणून विकली, काहींनी इंजिन नंबर घासून नवे पंच मारले. असा चढवलेला भाव टिकत नसतो.

दुसरं कारण वयाचं. १९७० च्या दशकात जे विशीत होते ते आज सत्तरीत आहेत. गुडघ्यांना येझदीची किक झेपत नाही. इंग्लंडमध्येही हीच गोष्ट चालू आहे. ट्रायम्फ बॉनव्हिल आणि नॉर्टन कमांडोवर ज्यांची तरुणपणं गेली ते आता गाड्या विकायला काढताहेत आणि त्यांच्यामागे घेणारे तेवढे नाहीत. शिवाय ज्याला फक्त जुना बाज हवा असतो त्याला आता शोरूममध्ये वॉरंटीसकट तशी नवी गाडी मिळते.

तिसरं कारण खास आपल्या ठाणे-नवी मुंबईचं आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. ते म्हणजे पुनर्विकास. नौपाडा, पाचपाखाडीतल्या जुन्या सोसायट्या, वाशीतल्या सिडकोच्या इमारती एकामागून एक पाडल्या जाताहेत. घरं रिकामी करायची तारीख ठरली, की जिन्याखाली कित्येक वर्षं ताडपत्री पांघरून उभी असलेली गाडी एकाएकी सगळ्यांच्या डोळ्यांवर येते. भाड्याच्या घरात तिला जागा नसते आणि नव्या टॉवरच्या यांत्रिक पार्किंगमध्ये तर नसतेच नसते. अशा गाड्या एकदमच विकायला निघाल्या की भाव पडणारच.

आणि भाव पडला हे माझ्या मते वाईटही नाही. महाप्यात नोकरी करणारा, ऐरोलीत भाड्याने राहणारा जो मुलगा तीन वर्षांपूर्वी येझदीच्या रोडकिंगकडे नुसता बघून जायचा, त्याच्या ऐपतीत ती आज आली आहे. असा मुलगा गाडी विकण्यासाठी घेत नाही. तो रविवारी गॅरेजमध्ये येऊन स्टुलावर बसतो, ठिणगी वेळेवर पडावी म्हणून इंजिनातल्या पॉइंटचा गॅप कसा लावायचा ते विचारतो, पुढच्या वेळी स्वतः लावतो. स्वस्ताई झाली की नवे हात यायला हवेत. ते येताहेत सुद्धा. गिऱ्हाईक येतं, गाडी पसंत पडते, पैसे तयार असतात आणि व्यवहार कागदावर अडतो. अडला की भाव आणखी उतरतो, आणि उतरत उतरत किलोच्या भावाला टेकतो. माझं गाऱ्हाणं या शेवटच्या उताराबद्दल आहे.

पहिलं गाऱ्हाणं नोंदींचं, आणि तेच सगळ्यांत मोठं.

‘एमएच’ने सुरू होणारे नंबर येण्याआधीच्या गाड्यांच्या नोंदी हाताने लिहिलेल्या रजिस्टरांत आहेत. त्यांतल्या अनेक ‘वाहन’ या नोंदणीच्या संगणक प्रणालीत चढल्याच नाहीत. ज्या चढल्या त्यांत चुका आहेत. चेसिसच्या, म्हणजे सांगाड्याच्या, नंबरातला आकडा बदललेला, बनावटीचं नाव भलतंच, रंग वेगळा. मालकाकडे मूळ आरसी बुक असतं, टॅक्सच्या पावत्या जपून ठेवलेल्या असतात, पण पडद्यावर गाडी दिसत नाही म्हणजे ती नाहीच असं धरलं जातं. बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून, घ्या म्हणतात. त्यासाठी मूळ रजिस्टर लागतं, आणि ते मिळेलच याची हमी कुणी देत नाही.

माझ्या गॅरेजमध्ये एका काकूंची रोडकिंग उभी आहे. काका गेले, पाठोपाठ इमारत पाडायला निघाली. गाडी पहिल्यापासून एकाच घरातली, मूळ आरसी बुकासकट. कोपरखैरण्याच्या एका तरुणाने ती पाहिली, टाकीवरून हात फिरवला, किक मारायची आणि गिअर टाकायचा दांडा एकच आहे हे पाहून हरखून गेला आणि तिथेच सौदा ठरला. चेसिसच्या मानेवरचा नंबर मी स्वतः काढला. वरचा मळ पेट्रोलने भिजवून पुसला, पातळ कागद दाबून धरला आणि पेन्सिलचं शिसं आडवं फिरवलं. कंपनीचा पंच ओळखू येतो. आकडे खोल असतात, त्यांच्या कडा बोथटलेल्या असतात आणि आजूबाजूचा पत्रा कुठे घासलेला नसतो. कागदावर उमटलेला नंबर आरसी बुकाशी तंतोतंत जुळला, इंजिनाचाही जुळला. संगणकात मात्र एका ठिकाणी ३ च्या जागी ८ पडलेला. तेवढ्यावर ट्रान्सफर थांबली. कंपनीचं पत्र आणा, असं सांगण्यात आलं. म्हैसूरची आयडियल जावा कंपनी १९९६ मध्ये बंद पडली. पत्र कुणाकडून आणायचं? त्या तरुणाने जमेल तेवढी वाट पाहिली आणि शेवटी हप्त्यावर नवी गाडी घेतली. तीन वर्षांपूर्वी काकांना या गाडीचे जे पैसे कुणी देऊ केले होते त्याच्या निम्मेही आता काकूंना मिळणार नाहीत, कारण आता विचारणारा फक्त भंगारवाला उरला आहे. हे कुठल्या कार्यालयात घडलं ते मी लिहीत नाही. टेबलामागच्या माणसाला नियमाने जेवढं करता येत होतं तेवढं त्याने केलं. नियमच अपुरा आहे.

वारसांचं दुखणं याच्याशीच जोडलेलं आहे. मालक वारल्यावर तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करावी, असा नियम आहे. ज्या घरात माणूस गेलं आहे तिथे बँक, पेन्शन, घर यांच्या कागदांतून जिन्याखालच्या मोटारसायकलीची आठवण तीन महिन्यांत होत नाही. तोवर पासिंगची, म्हणजे नोंदणीची, मुदतही संपलेली असते. नोंदणी संपल्यावर दुचाकीला उशिराचे महिन्याला ३०० रुपये लागतात, म्हणजे वर्षाला ३,६००. गाडी पाच-सात वर्षं झाकून ठेवलेली असेल तर नुसता दंडच साध्या राजदूतच्या आजच्या किमतीला जाऊन भिडतो. माझ्याकडे येणारी माणसं दंड बुडवायला निघालेली नसतात. आपल्यावर असं काही चढतं आहे हेच त्यांना ठाऊक नसतं.

दुसरं गाऱ्हाणं १५ आणि ५० या दोन आकड्यांच्या मधलं आहे. पंधरा वर्षांनी गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते, आणि पन्नाशीनंतर ती व्हिंटेज ठरू शकते.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यांत बसते. तिला ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि दहा वर्षांनी पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यांसाठीच रस्त्यावर आणता येते. हेतू चांगला आहे, पण हिशेब करून पाहा. रोडकिंग १९७८ मध्ये आली, म्हणजे तिची अगदी पहिली गाडी २०२८ मध्ये पात्र होईल. आरडी-३५० आपल्याकडे १९८३ ची, ती २०३३ मध्ये. आरएक्स-१०० १९८५ ची, ती २०३५ मध्ये. आज ज्या गाड्यांवर तरुणांचा जीव आहे त्या जवळपास सगळ्या मधल्या पट्ट्यात लटकल्या आहेत. कायद्याच्या लेखी त्या नुसत्या जुन्या गाड्या. आणि जिला पन्नास पूर्ण झाली ती जावा व्हिंटेज म्हणून नोंदवली, तर तिला रविवारी सकाळी येऊरच्या डोंगरापर्यंत सहज नेऊन आणायचीही सोय राहत नाही. मोटारसायकल उभी राहिली की मरते. सील सुकतात, टाकीला आतून गंज धरतो, कार्बोरेटरमध्ये चिकटा बसतो. हे सांगायला मिस्त्री असायची गरज नाही.

इंग्लंडमध्ये ४० वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाडीला रोड टॅक्स लागत नाही, वार्षिक तपासणीतूनही सूट मिळते आणि ती रस्त्यावर चालवता येते. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा ३० वर्षांवरच्या, जपलेल्या आणि रोजच्या वापरात नसलेल्या वाहनाला ऐतिहासिक मानते. असा मधला वर्ग आपल्याकडे का असू नये?

तिसरं गाऱ्हाणं अनिश्चिततेचं. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईच्या कोंडी आणि प्रदूषणावर चिंता व्यक्त केल्यानंतर राज्य सरकारने मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या बंद करता येतील का, हे पाहण्यासाठी निवृत्त सनदी अधिकारी सुधीर कुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. ठाणे आणि नवी मुंबई या प्रदेशातच येतात. ती बातमी आली त्या आठवड्यात माझ्याकडच्या चौकशीचे फोन थांबले. दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. उद्या इथेही तसंच झालं तर, या धास्तीने माणूस खिशातून पैसे काढत नाही, आणि ज्याच्याकडे गाडी आहे तो मिळेल त्या भावाला काढून मोकळा होतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. टू-स्ट्रोक गाडी (जिच्यात पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं) धूर सोडते, हे मी नाकारत नाही. घोडबंदर रोडवर संध्याकाळी काय हवा असते ते मला ठाऊक आहे, माझीही मुलं तिथूनच येतात. या गाड्या रोज ऑफिसला नेऊ द्या, असं आम्ही कुणीच म्हणत नाही. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची ४.५ टक्के मर्यादा आहे. नीट बांधलेलं, ऑइलचं प्रमाण बरोबर ठेवलेलं इंजिन त्यात बसतं. वर्षाला किती किलोमीटर चालवायची याची मर्यादा घाला, पीयूसीच्या वेळी मीटरचा आकडा लिहून घ्या. आम्हाला ते मान्य आहे.

शुल्काचं थोडक्यात सांगतो. १५ वर्षांवरच्या दुचाकीच्या नूतनीकरणाचे पूर्वी ३०० रुपये होते, १ एप्रिल २०२२ पासून १,००० झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या दुचाकीला २,००० आणि आयात केलेल्या दुचाकीला २०,००० झाले. वर राज्याचा पर्यावरण कर आहेच. पैसे भरायला लोक तयार आहेत. पण आजोबांची बीएसए ज्याच्या घरात आहे त्याने दर पाच वर्षांनी २०,००० भरावेत, तेही रस्त्यावर क्वचितच निघणाऱ्या गाडीसाठी, हे पटत नाही. सुरक्षित नंबरपाटीचंही (एचएसआरपी) तसंच. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना ती सक्तीची केली, ठीक. पण ज्या गाडीची नोंद संगणकात नाही किंवा चुकीची आहे तिच्या पाटीची मागणीच नोंदवता येत नाही, आणि पाटी नाही म्हणून ट्रान्सफरही होत नाही.

आता या सगळ्याचा शेवट कुठे होतो ते सांगतो. गाडीच्या किमतीपेक्षा कामाचं बिल जास्त झालं की माणूस काम करून घेत नाही. टाकी कुठल्यातरी हॉटेलच्या भिंतीवर जाते, इंजिन सुट्या भागांसाठी फुटतं. वागळे इस्टेटमध्ये एक कारागीर आहेत, आम्ही वर्षानुवर्षं त्यांच्याकडे क्रँक, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणारा इंजिनातला दांडा, देतो. येझदीचा क्रँक दाबून जोडलेला असतो. तो प्रेसवर उघडायचा, नवा रॉड आणि बेअरिंग घालायचं, पुन्हा दाबायचा आणि मग दोन टोकांवर धरून डायल लावून फिरवायचा. काटा हलला की ते बाहेरच्या कडेवर तांब्याच्या हातोडीचा एक ठोका देतात, पुन्हा फिरवतात, पुन्हा बघतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागातला फरक निघेपर्यंत हे चालतं. कुठे आणि किती जोराने मारायचं ते कुठल्याही पुस्तकात नाही. पूर्वी त्यांच्या फळीवर क्रँकची रांग लागलेली असायची. आता ते दिवसभर कुठल्याशा कारखान्याच्या पिना काढून देतात, आणि हाताखालचा मुलगा डिलिव्हरीच्या कामाला लागला. क्रोमवाले, टाकीवर ब्रशने रेघ मारणारे पेंटर, सीट शिवणारे, सगळ्यांचं हेच आहे. भाव पुन्हा चढेलही, पण ही माणसं तेव्हा परत मिळणार नाहीत.

म्हणून मागण्या करतो.

ठाणे, कल्याण, वाशी आणि पनवेल या चारही कार्यालयांत जुन्या दुचाकींच्या नोंदींसाठी विशेष शिबिर घ्यावं. मूळ आरसी बुक, इंजिन-चेसिसची पेन्सिल प्रिंट आणि प्रत्यक्ष गाडी समोर असेल तर निरीक्षकांनी तपासून तिथेच नोंद दुरुस्त करावी. रजिस्टर सापडत नसेल तर त्याचा भुर्दंड मालकावर नको, आणि बंद पडलेल्या कंपनीचं पत्र कुणाकडेही मागू नये. ज्या गाडीचा नंबर घासलेला, पुन्हा मारलेला निघेल ती जरूर जप्त करा. त्यात आम्ही आपल्याच बाजूने उभे राहू.

वारसांना उशिराचं शुल्क एकदाच माफ करून ठरावीक मुदत द्यावी, आणि कोणते कागद लागतात याचं मराठीतलं एक पान प्रत्येक कार्यालयाबाहेर लावावं. शुल्क केंद्राच्या हातात आहे हे मला माहीत आहे. राज्याने तशी शिफारस करावी.

३० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या आणि मर्यादित वापराच्या दुचाकींसाठी वेगळा वर्ग करावा, असा प्रस्ताव राज्याने केंद्राकडे पाठवावा. पर्यावरण कर राज्याचा आहे, त्यात अशा गाड्यांना सवलत देणं इथल्या इथे होण्यासारखं आहे.

महानगर प्रदेशातल्या पेट्रोल गाड्यांबद्दल जो काही निर्णय होईल त्यात या गाड्यांचं काय, हे एका वाक्यात तरी लिहून जाहीर करावं. निर्णय आमच्या विरोधात असला तरी चालेल, आम्ही त्याप्रमाणे धंदा बदलू. अंधारात ठेवू नये.

शिबिर घ्यायचं ठरलं तर मी आणि माझ्या ओळखीतले जुने मिस्त्री दिवसभर विनामोबदला येऊन बसू. कंपनीचा पंच कोणता आणि मागाहून मारलेला कोणता, हे तरुण निरीक्षकांना गाडीवर दाखवू. येताना काकूंची रोडकिंगही टेम्पोत घालून आणतो, पहिली तपासणी तिचीच करावी. तारीख आणि ठिकाण कळवावं.

आपला,
ठाण्यातला एक गॅरेजवाला